दुखण्याची चाल

“छातीत दुखतंय का?” डॉक्टरांनी माझ्या वडिलांना विचारले. वडील म्हणाले, “न्हाई. दाटल्यागत हुतंय.” उत्तर खरे होते. त्यांच्या लेखी दुखणे म्हणजे टोचणे, ठणकणे. हे तर नुसते ओझे होते. पित्ताची गोळी मिळाली. हृदयविकाराचा झटका होता, हे दुसऱ्या दिवशी कळले. तेव्हापासून गडहिंग्लज परिसरातली माणसे दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात, ते मी वहीत टिपत आलो आहे.

या शब्दांतून दुखणे किती आहे यापेक्षा ते कसे चालते, हे कळते. ‘ठणका’ ठोके पडल्यासारखा येतो. नखुरड्यात पू साठला की त्या कोंडलेल्या जागेवर दाब पडतो. ‘कळ’ लाटेसारखी येते आणि ओसरते. मूत्रनलिका, आतडे, गर्भाशय अशा पोकळ अवयवांचे स्नायू आवळतात, तेव्हाची ती वेदना. म्हणून मुतखड्याला आणि बाळंतपणाला शब्द एकच. ‘उसण’ भरते ती स्नायू धरल्यावर. मधुमेह्याच्या तळपायांची ‘आग’ आणि ‘मुंग्या’ मात्र बिघडलेल्या मज्जातंतूंच्या असतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी त्या सहसा हटत नाहीत; औषधेच वेगळी लागतात. आमच्या या सीमाभागात घरी कानडी बोलणारी आजी याच आगीला ‘उरी’ म्हणते.

ही जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या वेदना दोषांनुसार वेगळ्या केल्या आहेत : टोचणे, फुटणे वाताचे, जळणे पित्ताचे, जडपणा, बधिरता कफाची. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडले आहेत.

आज दवाखान्यात बहुधा शून्य ते दहामधला आकडा विचारतात. औषधाने उतार पडला का, हे पाहायला तो उपयोगी. पण ठणक्यालाही सात आणि आगीलाही सातच. दुखण्याची जात त्यात हरवते.

हृदयाच्या आणि छाती-हाताच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोचतात. त्यामुळे नेमकी जागा सापडत नाही. दाटते, दडपते, हात भरून येतो. वडिलांनी हेच सांगितले होते. “कसं होतंय?” असे विचारले असते, तर त्यांचे ‘न्हाई’ तिथेच संपले नसते. छातीत दाटून घाम फुटला, तर ‘दुखत नाही’ म्हणून घरी थांबू नये. लगेच ईसीजी काढावा.