सिकलसेलची कळ आणि सिस्टरचा थकवा

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर... सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलची मुलं आहेत. कळ उठली की ती विव्हळतात, पण अंगावर जखम दिसत नाही. मग कुणीतरी म्हणतं, पोरगं शाळा बुडवायला सोंग करतंय.

ते सोंग नसतं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोहोचत नाही, म्हणून हाडं ठणकतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिश्रम यांनी कळ उठते. मानसिक ताणानंही उठू शकते. वरचेवर दाखल होणाऱ्या मुलाची शाळा बुडते, मित्र तुटतात आणि पुढच्या कळेची धास्ती मनात राहते. म्हणून त्याच्याशी बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेतल्यानं कळा कमी होतात, हे त्याला पावरी किंवा भिली बोलीत कळलं तर गोळीवर त्याचा विश्वास बसतो.

हे बोलणं बहुतेकदा सिस्टरच्या वाट्याला येतं. तिच्याविषयी लोक सहज म्हणतात, ‘त्यांना सवय असते.’ सवयीनं सुई टोचताना हात थरथरत नाही, इतकंच. जीव लावलेलं मूल दगावलं की तिलाही झोप लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटचं, म्हणजे कामानं पार थकून जाण्याचं, मूळ कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणात असल्याचं नोंदवलं. स्वभावाच्या कमकुवतपणात नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. भरल्या वॉर्डात ती एकटीच असेल, तर योगाच्या शिबिरानं तिचा थकवा जाणार नाही. आधी माणसं वाढवायला हवीत.

शिवीगाळ आणि मारहाण ‘कामाचाच भाग’ मानणं तर घातकच. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात जमावाच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. असे हल्ले रोखण्यासाठीचा राज्याचा 2010 चा कायदा डॉक्टरांइतकाच परिचारिकांनाही लागू आहे. हल्लेखोराला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मनाच्या त्रासावर मदत घ्यायची म्हटलं, तर मानसोपचार म्हणजे ठाण्याचं नाहीतर येरवड्याचं मनोरुग्णालय, ही भीती खानदेशात अजून आहे. प्रत्यक्षात धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचाराची सोय आहे. बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येतं.

अशीच भीती विचारण्याचीही असते. पण ‘जिवाचं काही करावंसं वाटतं का,’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मूल असो वा सिस्टर, गप्प गप्प दिसली तर नि:संकोच विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.