रूनस्केप : पंचवीस वर्षांनी सुरुवात

4 जानेवारी 2001 रोजी अँड्र्यू गावर या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने भावांच्या साथीने रचलेला एक खेळ इंटरनेटवर खुला झाला. सुरुवातीचा कारभार नॉटिंगहॅमला आईवडिलांच्या घरातूनच चालला. त्या रूनस्केपला आता पंचवीस वर्षं उलटून गेली आहेत. विशीतली मुलं मला त्याच्याबद्दल जो प्रश्न विचारतात तो रास्त आहे: एवढा जुना झालेला ऑनलाइन खेळ आज नव्याने सुरू करण्यात काही अर्थ आहे का?

रास्त अशासाठी, की या जातीच्या खेळांत उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा उष्टंच येतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं घ्या. 2004 पासून दर दोन-तीन वर्षांनी त्यात नवा प्रदेश जोडला जातो, आणि आधी रात्री जागून मिळवलेली हत्यारं बघता बघता निकामी होतात. नव्या माणसाला थेट शेवटच्या टप्प्यावर नेऊन सोडायची सोय असते. मधला मुलूख ओस पडलेला. आणि हा खेळ निदान चालू तरी आहे. स्टार वॉर्स गॅलेक्सीज 2011 च्या डिसेंबरात बंद झाला, तेव्हा खेळाडूंनी स्वतःच्या हातांनी वसवलेली गावं सर्व्हरबरोबर नाहीशी झाली.

म्हणून जुना खेळ जोखताना मी त्याची चित्रं बघत नाही. त्याचा पहिला तास अजून जिवंत आहे का, ते बघतो. रूनस्केपचा आहे. पण तो तसा राहिला यामागे बरंच रामायण आहे.

हा खेळ आपल्याकडे पोचला तो सायबर कॅफेतून. त्या काळी गेम म्हटलं की सीडी हवी, बरं ग्राफिक्स कार्ड हवं आणि कॅफेवाल्याची परवानगी हवी. रूनस्केप जावावर चालायचा. ब्राउझरमध्ये पान उघडलं, थोडा धीर धरला की झाला सुरू. मशीनवर काही इन्स्टॉल करायला नको. तासावर पैसे मोजणाऱ्या शाळकरी मुलांना हे फार सोयीचं होतं. शिवाय खेळाचा मोठा भाग फुकट होता. फेब्रुवारी 2002 मध्ये वर्गणीदारांसाठी वेगळा भाग आला, तरी फुकटात खेळणाऱ्याला कुणी हाकललं नाही.

आपल्या नेटवर तो चालायचा त्याला एक तांत्रिक कारणही आहे. रूनस्केपचं जग सलग धावत नाही. दर 0.6 सेकंदाला सर्व्हर एक पाऊल पुढे टाकतो. खेळाडू त्याला टिक म्हणतात. झाडावर क्लिक करा, नाहीतर राक्षसावर करा, हुकूम अमलात येणार तो टिक पडल्यावर. त्यामुळे तुमचा क्लिक इंग्लंडच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला पाव सेकंद लागला तरी फारसं बिघडत नाही. नेमबाजीच्या खेळात एवढ्या लॅगवर माणूस समोरचा दिसायच्या आतच मरतो. आजही जिल्ह्याच्या ठिकाणी मोबाइल डेटावर खेळणाऱ्याला या धिम्या चालीचा फायदा मिळतो.

पहिला तास कसा असतो ते सांगतो. शिकवणीचं बेट ओलांडून तुम्ही लंब्रिज नावाच्या गावात उतरता. गावात एक गढी, गढीत मुदपाकखाना, आणि तिथे रडकुंडीला आलेला आचारी. सरदारसाहेबांचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि सामान आणायचं राहून गेलंय. त्याला अंडं, दूध आणि पीठ हवं आहे. अंडं कोंबड्यांच्या खुराड्याशी जमिनीवर पडलेलं असतं. दुधासाठी बादली घेऊन गाय गाठायची. पिठासाठी मात्र शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या माडीवर चढून तो वरच्या पेटाऱ्यात टाकायचा, खिट्टी ओढायची, तळाला उतरायचं आणि मडक्यात पीठ भरून घ्यायचं. कुठे जायचं हे दाखवायला आकाशातून प्रकाशाचा झोत पडत नाही. विचारायचं, वाचायचं, भटकायचं. हे काम उरकतं तोवर तुम्हाला गावाचा नकाशा पाठ झालेला असतो, आणि वाटेत गायी मारून मिळालेली कातडी विकता येतात हेही कळलेलं असतं. आचाऱ्याची ही अडचण फार नेटकी रचलेली आहे.

मार्च 2004 मध्ये रूनस्केप 2 आला आणि खेळाने बाळसं धरलं. त्या वर्षांतला माझा सगळ्यात आवडता भाग लढाया नव्हेत, बाजार. वॅरॉक शहराच्या बँकेसमोर माणसांची ही गर्दी. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याने टाइप केलेली आरोळी तरंगतेय. विशिष्ट कोड टाकला की ती अक्षरं रंग बदलत, लाटेसारखी हलत. कोळसा घ्या, लॉबस्टर घ्या, तलवार हवीय का तलवार! भाव पाडून मागणं, दोन बँका फिरून खात्री करणं, व्यवहाराच्या खिडकीत शेवटच्या क्षणी वस्तू बदलणारा ठग ओळखणं, हे सगळं मुलं तिथे शिकली. इंग्रजीतून टाइप करायचा वेग कित्येकांना तिथेच आला. नोव्हेंबर 2007 मध्ये ग्रँड एक्स्चेंज ही मध्यवर्ती पेढी आली आणि आरोळ्या ओसरल्या. सोय झाली हे खरं, पण एक जिवंत चौक गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच वर्षी 10 डिसेंबरपासून महिनाभरात कंपनीने, म्हणजे जॅजेक्सने, त्याहून मोठा घाव घातला. खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या बोकाळल्या होत्या, आणि त्यांतले बरेच जण चोरीच्या क्रेडिट कार्डांवर वर्गणी भरत. ती नाकेबंदी करायची म्हणून असमान किमतीची देवघेव बंद झाली. खेळाडूने खेळाडूला मारून त्याचा ऐवज लुटायचं जे रान होतं, वाइल्डरनेस, तेही जवळपास बंद. मित्राला चार वस्तू भेट द्यायची सोय उरली नाही. खेळाच्या चौकाचौकांत निषेधाचे जमाव उभे राहिले. चोर पकडायला गावच कुलूपबंद करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पुढे 2010 च्या अखेरीपासून 2011 च्या जानेवारीपर्यंत कंपनीने खेळाडूंचा कौल घेतला. बारा लाखांच्या घरात मतं पडली, 91 टक्के लोकांनी जुनी मोकळीक परत मागितली, आणि 1 फेब्रुवारीला ती मिळाली.

एवढ्यावर शहाणपण आलं म्हणावं, तर 20 नोव्हेंबर 2012 ला लढाईची पद्धतच मुळापासून बदलण्यात आली. ‘इव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट’ हे तिचं नाव. त्याआधी त्याच वर्षी पैसे देऊन नशीब फिरवायचं चक्रही खेळात आलं होतं. लोक हजारोंनी निघून गेले. अशा वेळी कंपनीच्या हाती एक गोष्ट लागली: ऑगस्ट 2007 मधला संपूर्ण खेळाचा बॅकअप. तो पुन्हा चालवायचा का, असा कौल 2013 च्या फेब्रुवारीत मागवला, साडेचार लाखांच्या आसपास मतं आली, आणि 22 फेब्रुवारीला मोजक्या माणसांच्या बळावर ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. सगळ्यांचे जुने हिशेब पुसलेले. जो तो पुन्हा लंब्रिजमध्ये.

माझ्या मते इथून पुढची कथा या खेळाची खरी कमाई आहे. ओल्ड स्कूलमध्ये नवं काही आणायचं तर खेळाडूंना विचारायचं आणि 75 टक्के होकार मिळाला तरच आणायचं, असा दंडक घातला गेला. 2022 मध्ये तो 70 वर आला. आर्टिसन आणि वॉर्डिंग ही दोन नवी कौशल्यं या मतपेटीत पडली. वर्षानुवर्षं नवं कौशल्य मागणाऱ्या लोकांनीच ती पाडली. या पद्धतीने खेळ थोडा सनातनी होतो, हे मान्य. पण तिच्यामुळेच जुन्याची किंमत शाबूत राहिली. 2005 च्या जानेवारीत आलेला अ‍ॅबिसल व्हिप, म्हणजे चाबूक, आजही मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूचं भरवशाचं हत्यार आहे. वीस वर्षांपूर्वी जी वस्तू मिळाल्यावर मुलगा कॅफेत खुर्चीवरून उठून ओरडला असेल, तीच वस्तू आजच्या नवख्याला तितकीच हवीशी वाटते. दुसऱ्या कुठल्या ऑनलाइन खेळाबद्दल असं म्हणता येईल?

जॅडचंही तेच. ऑक्टोबर 2005 मध्ये टझार लोकांच्या ज्वालामुखीतल्या शहरात फाइट केव्ह आली: एकट्याने 63 लाटा परतवायच्या, आणि शेवटच्या लाटेत येतो टझटॉक-जॅड. तो मागच्या पायांवर उठून पुढचे पाय लोंबते ठेवतो तेव्हा जादूचा हल्ला येणार. पुढचे पाय जमिनीवर आपटतो तेव्हा लांबून मारा होणार. त्या क्षणी बरोबर प्रार्थना चालू केली तर वाचलात. चुकलात तर एका फटक्यात 97 पर्यंत इजा, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याच्या अंगात बहुधा तेवढा जीवच नसतो. पाऊण-एक तास, कधी त्याहून जास्त, एकट्याने लढून इथवर आलेलं सगळं वाया. त्याची प्रकृती अर्ध्यावर आली की त्याला बरं करणारे चौघे धावून येतात, आणि हात कापायला लागतात ते तेव्हा. 2017 नंतर आलेल्या मोठ्या सामूहिक मोहिमा जॅडहून कितीतरी अवघड आहेत. जाणत्याला जॅड आता किरकोळ वाटतो. तरी कुणी नवखा जॅडला हरवून मिळालेली अग्नीची झूल पहिल्यांदा पांघरून बँकेत आला की अनोळखी माणसं थांबून अभिनंदन करतात, कारण ती पायरी सगळ्यांनीच चढलेली असते.

आता खबरदारीचं बोलायला हवं, आणि ते मी हातचं राखून बोलणार नाही. हा खेळ वेळ खातो. प्रत्येक कौशल्य 1 पासून 99 पर्यंत नेता येतं आणि 99 ला 1,30,34,431 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. 92 व्या लेव्हलला पोचलात की जेमतेम निम्मं अंतर झालेलं असतं. खेळाचा सगळा डाव त्या चढत्या आकड्यांवर आहे. ज्याला ‘आणखी एक लेव्हल’ म्हणत पहाट करायची सवय आहे, त्याने दहावी-बारावीच्या वर्षात याच्या वाटेला जाऊ नये. घरच्यांनीही हे लक्षात ठेवावं.

दुसरं, बॉट. रस्त्यात भेटणाऱ्यांपैकी काही जण माणसं नसतात, आणि हा रोग पंचवीस वर्षांत हटलेला नाही. पण सोनं विकणारा प्रत्येक जण टोळीवाला असतो असंही नाही. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली त्या दिवसांत, 2017 च्या सुमारास, तिथली माणसं हिरवे ड्रॅगन मारून मिळवलेलं सोनं विकून घरचा किराणा भागवत होती. मौजेसाठी आलेल्या खेळाडूंनी त्यांना हुडकून मारायचे बेत आखले. नियम मोडले जात होते हे खरंच, तरीही मला तो या खेळाच्या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा प्रसंग वाटतो.

तिसरी धास्ती मालकांची. 2021 मध्ये कार्लाइल आणि 2024 मध्ये सीव्हीसी, असे गुंतवणूकदार बदलत गेले. 2025 च्या जानेवारीत वर्गणीचे नवे प्रकार चाचपणारी एक पाहणी निघाली, त्यात स्वस्त वर्गणीत जाहिराती दाखवायची कल्पना होती. खेळाडू खवळले, वर्गण्या रद्द होऊ लागल्या आणि कंपनीला ती कल्पना सोडून द्यावी लागली. हा लोकांचा वचक टिकला तर खेळ टिकेल.

तर सुरू करायचाच असेल, तर कसा? आज दोन रूनस्केप शेजारी शेजारी चालतात. मूळ धाग्यातून पुढे गेलेला, 2013 पासून रूनस्केप 3 म्हणवणारा, दिसायला अधिक आधुनिक आहे. नव्या माणसाला मी ओल्ड स्कूलच सुचवीन. ऑक्टोबर 2018 पासून तो फोनवर पूर्णपणे खेळता येतो, संगणकावरचं खातं तेच फोनवर, आणि त्यासाठी महागडा फोन लागत नाही. आपल्याकडे ज्या मुलांचा एकमेव संगणक म्हणजे फोन, त्यांच्यासाठी हे दार मोठं आहे. आधी महिनाभर फुकटच खेळा. ड्रॅगन स्लेयर ही फुकट भागातली सर्वांत मोठी मोहीम तडीला न्या. तिथवर कंटाळा आला तर खिशातला रुपया गेलेला नसेल. नाही आला तर वर्गणीचा विचार करा. ती आपल्या हिशेबाने हलकी नाही. खेळातलं सोनं साठवून त्यातून बाँड घेतला तर चौदा दिवसांची वर्गणी भागते, पण नवख्याने त्याच्या मागे धावलं तर खेळाची नोकरी होते. दोन-चार मित्र मिळून येणार असाल तर 2021 मध्ये आलेला ग्रुप आयर्नमॅन निवडा. त्यात बाहेरच्यांशी देवघेव बंद असते. जे लागेल ते आपल्याच मंडळींनी पिकवायचं, खणायचं, शिजवायचं. श्रीमंत जुन्या खेळाडूंचा बाजार त्यात आड येत नाही.

यंदा येणाऱ्याला आणखी एक संधी आहे. एप्रिल फूलची थट्टा म्हणून निघालेली, 2015 मध्ये मतदानात पडलेली आणि 2023 मध्ये पुन्हा कौल लावून मंजूर झालेली ‘सेलिंग’ नोव्हेंबर 2025 मध्ये खेळात आली. ओल्ड स्कूलच्या इतिहासातलं हे पहिलं नवं कौशल्य. ते वर्गणीदारांच्या भागात आहे आणि त्याची सुरुवात पोर्ट सेरिमच्या धक्क्यावर होते. तो धक्का लंब्रिजपासून पायी जाण्याइतकाच लांब आहे.