आधी मुदत, मग व्याज

मार्चअखेरच्या दिवसांत टपाल कार्यालयाच्या बचत खिडकीपुढे करसवलतीच्या चिंतेने ताटकळणाऱ्या मंडळींची जी रांग लागते, तिच्यातील बहुतेकांनी आपण ही रक्कम कशासाठी नि कोणत्या सालापर्यंत ठेवीत आहोत, हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. आणि दीर्घ पल्ल्याच्या बचतीसाठी खाते निवडताना मला तर हाच प्रश्न सर्वांत अगत्याचा वाटतो. व्याजाचा दर मागाहून पाहावा, आधी मुदत पाहावी.

१९६८ साली सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले पीपीएफ, पंधरा वर्षांचा असला, तरी ती पंधरा वर्षे खाते उघडल्याचे आर्थिक वर्ष सरल्यावर मोजतात. वर्षाकाठी किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये भरता येतात, सातव्या वर्षापर्यंत रक्कम काढता येत नाही, आणि खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही तिच्यावर जप्ती येत नाही. हात आखडून धरणारी ही बंधनेच मला या खात्याची खरी पुण्याई वाटतात, कारण म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा मधल्या सणावारांत खर्चून जाण्याचे भय त्यांमुळे उरत नाही.

मात्र यात एक बारकावा आहे. प्रत्येक महिन्याचे व्याज ५ तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर आकारले जाते. एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर धरला, तर ५ एप्रिलपर्यंत भरलेल्या दीड लाखावर वर्षाला १०,६५० रुपये मिळतात. एकच दिवस उशीर झाला, तर ८८७ रुपयांवर पाणी सोडावे लागते. आणि मार्चअखेरच्या त्या रांगेत उभे राहून भरले, तर त्या वर्षाचे व्याज सारेच बुडते.

मुलीच्या शिक्षणाची तरतूद करायची, तर २०१५ मध्ये आलेले सुकन्या समृद्धी खाते तिच्या वयाच्या दहा वर्षांच्या आत उघडावे. भरणा पंधरा वर्षे, मुदत एकवीस वर्षे, आणि अठरा वर्षे भरली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत शिल्लक काढण्याची मुभा: कॉलेजच्या प्रवेशाचे वय डोळ्यांपुढे ठेवूनच हे नियम कुणीतरी बेतले असावेत.

तथापि महागाईचा विसर पडता कामा नये. ती दरसाल सहा टक्क्यांनी वाढली, तर आज दहा लाखांत होणारे शिक्षण बारा वर्षांनी वीस लाखांच्या घरात जाते. म्हणून ज्या पैशाला दहा-बारा वर्षे हात लावायचा नाही, त्याचा काही हिस्सा समभागांच्या म्युच्युअल फंडात किंवा राष्ट्रीय पेन्शन योजनेत असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फंडातील रक्कम मात्र गरजेच्या तीन-चार वर्षे आधीपासून हळूहळू मुदत ठेवीत वळवावी.

आमच्या शेजारच्या एका काकूंचे यजमान गेले, तेव्हा वर्षानुवर्षे नेमाने भरलेल्या त्यांच्या खात्यावर नामनिर्देशनच झालेले नव्हते. आपल्याच घरातली ती रक्कम मिळवण्यासाठी त्या माउलीला वारसाचे दाखले नि प्रतिज्ञापत्रे गोळा करीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. तेव्हापासून दर पाडव्याला मी घरातली सारी पासबुके बाहेर काढतो, आणि शिलकीच्या आकड्याआधी वारसाच्या नावाचा रकाना वाचतो.