नव्या खुब्यातले जंतू

खुबा बदललेल्या शंभरांत एखाद-दुसऱ्याच्या सांध्यात जंतू शिरतात. धातूवर ते चिकट थर धरतात. माठातल्या शेवाळासारखा तो घासल्याशिवाय निघत नाही, नुसत्या गोळ्यांनी तर नाहीच. संसर्ग ताजा असेल तर सांधा उघडून, खरवडून, धुऊन वाचवता येतो. जंतू स्टॅफिलोकोकस असेल तर जोडीला टीबीवरचं रिफाम्पिसिनही देतात. त्याने लघवी केशरी होते, घाबरू नये. संसर्ग मुरला असेल तर बहुधा सांधाच काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवतात, नवा नंतर.

कसाऱ्यासारख्या गावाहून डॉक्टरांना दाखवायला जायचं तर मुंबई लोकलने अडीचेक तासांवर. त्यामुळे जखम पाझरत असतानाही ‘पुढच्या तारखेला दाखवू’ होतं. त्याहून वाईट म्हणजे परस्पर घेतलेलं अँटिबायोटिक: मग सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडेलच असं नाही.