आठवणीला तारीख-वार देताना

जमिनीवर एक लांब दोरी पसरलेली असते. एका टोकाला जन्म. तिथून पुढे आयुष्यातल्या घटना ओळीने मांडत जायच्या. सुखाची असेल तिथे फूल, भीतीची असेल तिथे दगड. भीती जेवढी मोठी तेवढा दगड मोठा. दुसऱ्या टोकाला थोडी दोरी गुंडाळलेलीच ठेवतात, कारण आयुष्य अजून जगायचे आहे. युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसावरचे उपचार या मांडणीने सुरू होतात. पद्धतीचे नाव ‘नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी’. आपण तिला कथनोपचार म्हणू. जर्मनीच्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातील मॅगी शाउअर, फ्रांक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी ती घडवली. तिचा कस लागला तो मात्र युगांडातल्या निर्वासित वसाहतींत.

‘बोलून टाक, मोकळं वाटेल’ हा आपल्याकडचा हमखास सल्ला. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळे वदवून घेण्याची पद्धत जगभर बरीच वर्षे चालली. २००२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात असे दिसले की या बैठकीने पुढचा आजार टळत नाही. एखाद्याला उलट त्रासच होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आणखी एका सवयीला चाप लावला. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात धास्तीसाठी किंवा झोपेसाठी बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्या देऊ नका, असे तिने डॉक्टरांना सांगितले. म्हणजे लगेच बोलते करू नका आणि लगेच गोळीही देऊ नका. मग करायचे काय?

त्यासाठी आधी मेंदूत काय बिघडते ते पाहू. साधी आठवण मनात साठते तेव्हा पाकिटावर टपालाचा शिक्का असावा तशी तिच्यावर जागा आणि वेळ उमटलेली असते. या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. जिवावर बेतते त्या क्षणी भीतीची यंत्रणा, विशेषतः अमिग्डाला, इतकी जोरात चालते की धुराचा वास, किंकाळी, छातीतली धडधड हे सगळे खोल कोरले जाते आणि जागा-वेळेचा शिक्का पुसट राहतो. म्हणून पाच वर्षांनी, शेकडो किलोमीटर दूर, कुणी शेतातला पालापाचोळा पेटवला तरी अंगाला कापरे भरते. त्या माणसाला गाव जळाल्याचे नुसते आठवत नाही, त्याच्या लेखी ते गाव आत्ता जळत असते. आघातोत्तर ताण विकार तो हाच. १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत त्याला पीटीएसडी हे नाव मिळाले.

कथनोपचारात हाच शिक्का सावकाश उमटवतात. दीड-दोन तासांच्या बैठकीत एकेका दगडाशी थांबून विचारतात: कोणता महिना होता? ऊन होते की पाऊस? तुम्ही कुठे उभे होतात, पुढे काय झाले, आणि आत्ता हे सांगताना हाताला काय जाणवते? समुपदेशक सगळे लिहून घेतो आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो. माणूस दुरुस्त्या सुचवतो. शेवटी आपल्या आयुष्याची लेखी हकिगत त्याच्या हातात पडते. या रीतीची एक मुळी चिलीत आहे. तिथे पिनोशेच्या हुकूमशाहीत छळ सोसलेल्यांच्या साक्षी मानसशास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवल्या होत्या.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युगांडातल्या ४३ सुदानी निर्वासितांची तुलना होती. कथनोपचार घेतलेल्यांपैकी वर्षानंतर २९ टक्क्यांमध्येच विकार उरला होता. साधे समुपदेशन मिळालेल्यांत हेच प्रमाण ७९ टक्के होते. नमुना लहान होता हे खरे. २००८ मधला अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या २७७ निर्वासितांचा तो अभ्यास, आणि समुपदेशक होते त्याच वसाहतीतले निर्वासित, सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले. कथनोपचाराने सुमारे ७० टक्के लोक विकाराच्या निकषांबाहेर आले, त्याच समुपदेशकांनी दिलेल्या अधिक मोकळ्या पद्धतीच्या समुपदेशनानेही ६५ टक्के आले. नुसत्या देखरेखीखालच्या गटात ३७ टक्के. दोरीचे कौतुक करताना तो ६५चा आकडा विसरू नये.

तरीही एकेका माणसाला इतके तास देणे सगळीकडे शक्य नसते. संघर्षग्रस्त भागात दर पाचांतल्या एकाला कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने गाठलेले असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज आहे. म्हणून संघटनेने ‘सेल्फ-हेल्प प्लस’ तयार केले: पाच बैठका, वीस-तीस जणांचा गट, ध्वनिमुद्रित सूचना आणि चित्रांचे पुस्तक. त्यात आपबीती सांगायची नसतेच. विचारांचे वादळ उठले की पाय जमिनीवर दाबायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचे, भोवतालचे आवाज टिपायचे आणि मग हातातल्या कामाकडे वळायचे. वायव्य युगांडातल्या रायनो कॅम्पमध्ये दक्षिण सुदानच्या ६९४ स्त्रियांवर, जुबा अरबी भाषेतून, त्याची चाचणी झाली. तीन महिन्यांनी त्रास कमी झालेला दिसला. परिणाम माफक होता. पण निरक्षर बाईलाही घेता येईल असा हा उपचार आहे.

आता मूळ दुखण्याकडे. केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की युद्धात काय सोसले यावरच मनःस्थिती ठरत नाही. आज पाणी मिळते का, काम आहे का, रात्री झोपडीत सुरक्षित वाटते का, घरची माणसे कुठे आहेत, हे रोजचे ताणही तितकेच पोखरतात. याचे एक जुने उदाहरण आपल्याच जवळ आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले, सायबेरियाच्या हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. पीटीएसडी हा शब्द जन्मायला तेव्हा बराच अवकाश होता. पण छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथके होती. रोज सकाळी मुलांना कुठेतरी वेळेवर पोचायचे असे. आजचे संशोधक ज्या गोष्टी मागतात त्यांतल्या बऱ्याच तिथे होत्या.

युगांडाही या बाबतीत अनेक श्रीमंत देशांहून उदार. तिथे निर्वासिताला जमिनीचा तुकडा मिळतो आणि २००६च्या कायद्याने काम करण्याचा व देशात फिरण्याचा हक्क आहे. मात्र एप्रिल २०२० मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने निधीअभावी तिथल्या निर्वासितांचा शिधा ३० टक्क्यांनी कापला आणि पुढच्या वर्षी ही कपात ४० टक्क्यांवर गेली. रायनो कॅम्पचे निष्कर्ष ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आले ते याच २०२० सालात.