हरणटोळ बरणीत जगत नाही
साप आणि शेजार : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण धामण आणि दिवड पाहिले. दोघेही बांधाबिळांतले, पाण्याकाठचे. आज मान वर करून पाहायचे आहे. सातारा-सांगली भागात झाडावरचे साप बरेच आहेत. कुंपणाच्या वेलीत वेलीसारखाच दिसणारा हरणटोळ, क्षणात फांदी बदलणारी रुखई, रात्री निघणारा मांजऱ्या, आणि कोयना, चांदोली, महाबळेश्वरच्या ओल्या रानात एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसून राहणारा मलबारी चापडा. माणसाच्या ताब्यात आल्यावर हे साप फार लवकर खचतात. उपाशी राहिला म्हणून गेला, असे लोक म्हणतात. बहुतेक वेळा तो त्याआधीच पाण्यावाचून गेलेला असतो.

घरात हौसेने साप ठेवण्याचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. तरीही साप बंदिवासात असतातच. जखमी साप उपचार केंद्रात असतो, पुण्याच्या कात्रजला १९८६ साली सुरू झालेल्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी कायमचा असतो, आणि सर्वांत जास्त वेळा तो सर्पमित्राच्या बरणीत एका रात्रीपुरता असतो. त्या एका रात्रीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण उपचार केंद्रात निदान कोणी तरी त्याच्याकडे पाहत असते.

साप सांभाळण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे बत्तीस शिराळ्याची. नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग तिथे मडक्यात ठेवले जात. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची ती मिरवणूक थांबली, आणि ते योग्यच झाले. पण मडक्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. नाग बिळात राहतो. मातीचे भांडे पाझरते, म्हणून आत गारवा राहतो. आत अंधार असतो आणि अंगाला चहूबाजूंनी भिंत लागते. म्हणजे बिळातच असल्यासारखे. तेच मडके हरणटोळासाठी वापरले तर सगळे उलटे होते. त्याला उजेड हवा, वारा हवा, धरायला डहाळी हवी. प्लॅस्टिकची बरणी तर मडक्याहून वाईट. ती पाझरत नाही, आणि उन्हात मोटारसायकलला अडकवली की काही मिनिटांत आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते.

पाण्याचे आधी पाहू, कारण चूक तिथेच होते. जमिनीवरचा साप वाटीत तोंड घालून पाणी पितो. झाडावरच्या सापाला साचलेले पाणी रोज कुठे भेटणार? तो पावसाचे आणि दवाचे थेंब पानावरून, डहाळीवरून, कधी स्वतःच्याच वेटोळ्यांवरून टिपतो. त्यामुळे पिंजऱ्याच्या तळाशी भरलेली वाटी ठेवूनही हरणटोळ तहानलेला राहू शकतो. ठेवणाऱ्याला वाटते, पाणी आहे, पीत नाही, म्हणजे तहान नसेल. त्याला थेंब दाखवावे लागतात. सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा मारायचा, नाहीतर सलाइनच्या नळीतून पानावर संथ थेंब पडू द्यायचे. आपल्या भागात ठिबकचा ड्रीपर कोणाकडेही मिळेल, तोही चालतो. एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. द्राक्षबागेत किंवा उसात औषध मारलेला पंप कितीही धुतलेला असला तरी सापावर वापरू नका. फवाऱ्याची बाटली नवीच हवी.

तहानलेला झाडसाप ओळखता येतो. कातडीला सुरकुत्या पडतात, डोळे आत गेल्यासारखे दिसतात, तोंडातली लाळ चिकट होते. पुढे कात टाकायची वेळ आली की ती अखंड निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायचा असतो. तो अडकला की डोळा धूसर राहतो. हरणटोळाची तर सारी मदार नजरेवर. त्याची बाहुली आडवी, मुस्कट निमुळते आणि डोळ्यांपुढे खाचा, त्यामुळे तो दोन्ही डोळ्यांनी समोर एकदम पाहून अंतराचा अंदाज घेतो. अडकलेला खवला चिमट्याने ओढायचा नाही. दमटपणा वाढवायचा, आणि तरी सुटला नाही तर पशुवैद्य गाठायचा.

आता उलटी बाजू. दमटपणा हवा म्हणून पिंजरा बंद करून आतले सगळे ओले ठेवले तर साप दुसऱ्या दुखण्याने जातो. कोंदट ओलीत जंतू वाढतात, फुप्फुसाला संसर्ग होतो, साप तोंड उघडून श्वास घेतो आणि तोंडाशी बुडबुडे येतात. रानातली ओल कधी थांबलेली नसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तिथे वाराही तसाच वाहतो. फांदी भिजते, निथळते, सुकते, पुन्हा भिजते. पिंजऱ्यात हेच साधायचे असते. काचेच्या पेटीपेक्षा दोन बाजूंना बारीक जाळी असलेला उभा लाकडी सांगाडा बरा. हरणटोळाला काच कळत नाही. तो पुढे जात राहतो आणि त्याचे नाजूक टोकदार नाक घासून सोलवटते, मग तिथे जखम चिघळते. काचच असेल तर बाहेरून कागद लावा. जाळी असेल तर आतून पाला किंवा हिरवे शेडनेट सोडा.

सांगाडा रुंदीपेक्षा उंच हवा आणि फांद्या आडव्या, वेगवेगळ्या उंचीवर, सापाच्या अंगाइतक्या जाडीच्या. हार्वे लिलीव्हाइट या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने दाखवले की झाडावर चढणाऱ्या सापांचे हृदय डोक्याजवळ असते आणि कातडी घट्ट असते, म्हणून उभे चढतानाही रक्त शेपटीकडे साचत नाही. त्यांची सारी घडण उंचीसाठी आहे. तळाशी पडून राहिलेला हरणटोळ निवांत बसलाय असे समजू नका. निरोगी हरणटोळ खाली फार वेळ थांबत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. हरणटोळाला सरडे, पाली, बेडूक लागतात, उंदराला तो सहसा विचारत नाही. दोन-चार दिवसांसाठी आणलेल्या सापाला काहीच भरवू नये. भीतीत खाल्लेले तो उलटून टाकतो आणि अंगातले पाणी आणखी जाते.

उष्णतेची चूक मला नवी वाटते, आणि ती वाढते आहे. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा हिरवा वृक्ष अजगर जगभर हौशी लोक पाळतात. भारतात अशा परदेशी प्राण्यांची नोंद २०२२ च्या कायदादुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे. त्या अजगराला पेटीच्या उबदार टोकाला तीस अंशांच्या आसपास तापमान लागते, म्हणून त्याच्यासाठीचे सारे सल्ले दिव्यापासून सुरू होतात. रंग हिरवा, बसतो फांदीवर, म्हणून तोच सल्ला चापड्याला लावला तर साप भाजून निघतो. कोयनेच्या रानातला चापडा गार, सावलीच्या, धुक्याच्या जागेचा आहे. त्याला विशीतले तापमान आणि त्याहून गार रात्र मानवते. पाचशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या सांगलीत, एप्रिलच्या चाळीस अंशांत, पत्र्याच्या खोलीत तो ठेवणे म्हणजे त्याला मारणेच आहे. दिवा नको. ओले गोणपाट, माठाची खोली, पंखा दूर ठेवलेला; एवढ्यावर रात्र निभावते.

चापडा न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, माणसाच्या बाजूचे. परळच्या हाफकिनसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे बनवलेली आपली सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेली आहे. चापड्याचे विष त्यात धरलेले नाही. दंश क्वचित जिवावर बेततो, पण सूज आणि वेदना भयंकर असतात आणि डॉक्टरकडे त्यावर नेमके औषध नसते. हरणटोळाची गोष्ट वेगळी. तो टाळू फोडतो ही भीती गावोगाव आहे, पण त्याचे विष सौम्य, दात मागे, आणि तो स्वतःहून अंगावर येत नाही. डिवचला तर मान फुगवून खवल्यांमधली काळी-पांढरी नक्षी दाखवतो. या खोट्या भीतीपायी त्याला काठीने ठेचतात, हे मला फार लागते.

तेव्हा साप मिळाला की वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच शिवारात सोडायचे. हरणटोळ दिवसाचा साप, त्याला सकाळी, छातीच्या उंचीच्या झुडपावर. चापडा रात्रीचा, त्याला संध्याकाळी. हौसेने सांगलीचा हरणटोळ गाडीत घालून चांदोलीत सोडणारे लोक आहेत, 'जंगल मिळाले' या समाधानात. २०२० साली अशोक मल्लिक, कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आपण ज्याला एकच हरणटोळ समजत होतो त्यात अनेक जाती आहेत. उत्तर सह्याद्रीच्या घाटातला लहान चणीचा हरणटोळ वेगळा, आणि मैदानातला लांब, मोठा हरणटोळ वेगळा. मिरजेच्या कुंपणातून उचललेला साप वारणेच्या वरच्या रानात सोडला तर तो आपल्या घरी पोचत नाही. अनोळखी पावसात, अनोळखी थंडीत उतरतो, आणि सोबत स्वतःच्या गोचिड्या-जंतू तिथल्या सापांत घेऊन जातो.