लिंगोनबेरी आणि करवंद: रानातलं फळ कुणाचं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर आजचा विषय इथे वाचून घ्या.

लिंगोनबेरी हे नाव एखाद्या रीलमध्ये कानावर आलं असेल. स्वीडन-फिनलंडच्या जंगलातलं हे वीतभर उंचीचं झुडूप. बर्फाखालीसुद्धा याची पानं हिरवीच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लालचुटुक, आंबट फळं येतात. फळात मुळातच बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे ती नुसत्या पाण्यात ठेवली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात लिंगोनबेरी कुठून येणार? पण भर उन्हाळ्यात साग उघडाबोडका उभा असतो, तेव्हाही एक काटेरी झुडूप हिरवंगार दिसतं. ते म्हणजे आपलं करवंद! फांदी मोडली की पांढरा चीक. कच्च्या फळाचं लोणचं. मे महिन्यात पिकलं की काळंजांभळं, आंबटगोड. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर, म्हणून जेलीही छान जमते.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. हे फळ तोडायचा हक्क कुणाचा?

स्वीडनमध्ये उत्तर सोपं आहे: सगळ्यांचा. जमीन दुसऱ्याची असली तरी रानफळं तोडता येतात. फक्त कुणाच्या अंगणात किंवा शेतात शिरायचं नाही. १९९४ पासून हा हक्क तिथल्या संविधानातही आहे.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणारी माणसंच कागदावर परकी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून फळं, पानं, मध, बांबू वगैरे, गोळा करायचा आणि विकायचा मालकीहक्क त्यांना दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय ग्रामसभा घेते.

हक्क मिळाला, पण धोका गेला नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. करवंदाचा हंगामही हाच. खाली वाकून, झुडपात हात घालून तोडायचं काम, आणि जाळीपलीकडचं काहीच दिसत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. फिरायला गेलात तर गावाला विचारल्याशिवाय पिशव्या भरू नका. आणि रस्त्याच्या कडेला कुणी पानाच्या द्रोणात करवंदं विकत बसलं असेल, तर घासाघीस करू नका. त्या द्रोणामागे काय असतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात!